कोल्हापुरातून ब्रिटनची नर्सिंग नोंदणी: कागद आधी, परीक्षा मागून

परदेशात नर्स म्हणून जायचं ठरलं की पहिला पैसा जातो इंग्रजीच्या क्लासला. रात्रपाळ्या करत, सुट्ट्या जोडत मुलं-मुली अभ्यास करतात आणि ओईटी या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा चांगला निकाल आणतात. कागद काढायला बसल्यावर मात्र दिसतं की दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव 'बाबासो' आहे, पासपोर्टवर 'बाबासाहेब', आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत लग्नानंतरचं वेगळंच नाव. हे सरळ करण्यात महिने जातात आणि तिकडे भाषेच्या निकालाची दोन वर्षांची मुदत संपत येते.

म्हणून क्रम उलटा ठेवा. ज्याला मुदत नाही किंवा लांबची मुदत आहे ते आधी करा: नाव, जन्मतारीख, कौन्सिलची नोंदणी. ज्याची मुदत लवकर संपते ते मागून: भाषेची परीक्षा दोन वर्षं चालते, पोलीस क्लिअरन्स आणि टीबीचा दाखला सहा-सहा महिने. हा क्रम पाळला तर बाकीची प्रक्रिया लांब असली तरी अवघड नाही. इथे मुख्यतः ब्रिटनची वाट सांगितली आहे. जर्मनी, आखात आणि अमेरिकेचं थोडक्यात शेवटी येईल, पण कागदांचा भाग सगळ्यांना सारखाच लागू आहे.

पात्र कोण

जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा), बीएस्सी नर्सिंग आणि पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बीएस्सी) केलेल्यांना अर्ज करता येतो. एएनएमवर, म्हणजे सहायक नर्सच्या छोट्या कोर्सवर, ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी होत नाही. कोणी 'एएनएमवर करून देतो' म्हणालं तर तिथूनच उठा. आपल्या शिक्षणात प्रसूतीशास्त्र असतं आणि नोंदणीही आरएन-आरएम, म्हणजे नर्स आणि मिडवाइफ (सुईण) अशी असते, तरी ब्रिटनमध्ये मिडवाइफ हा वेगळा व्यवसाय आहे. तिथली नर्सिंगही चार शाखांत विभागलेली आहे: प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य आणि लर्निंग डिसॅबिलिटी. आपलं जनरल नर्सिंग बहुतेक वेळा प्रौढ शाखेत बसतं, तेव्हा अर्ज त्याच शाखेत करा.

तिथली नियामक संस्था म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, एनएमसी. आपली मुंबईची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल वेगळी. घोळ नको म्हणून पुढे मुंबईच्या संस्थेला 'कौन्सिल' आणि ब्रिटनच्या संस्थेला 'एनएमसी' म्हटलं आहे.

कोल्हापूर, गडहिंग्लज, कागल, चंदगड भागातली बरीच मुलं बेळगाव किंवा बंगळूरला शिकलेली असतात. त्यांची पहिली नोंदणी कर्नाटकच्या कौन्सिलकडे असते आणि नंतर महाराष्ट्राकडे घेतलेली. अशांनी दोन्ही ठिकाणची कागदपत्रं आत्ताच काढून ठेवावीत, कारण ज्या-ज्या रजिस्टरवर तुमचं नाव होतं त्या प्रत्येकाबद्दल विचारणा होऊ शकते. तुम्ही शिकत होता त्या वर्षांत तुमचं कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत होतं का, हेही तपासा. आज यादीत असणं आणि तुमच्या बॅचच्या वेळी असणं यात फरक पडतो.

नाव: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मराठी नावाची आपली पद्धत परदेशी फॉर्मला झेपत नाही. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि 'गिव्हन नेम' मध्ये तुमचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र. आधारवर तिसरीच तऱ्हा. क्रम बदलला तर सहसा अडत नाही. अडतं ते स्पेलिंग बदललं की, आणि मधलं नाव बदललं की.

एक कोरा कागद घ्या आणि आडवे रकाने पाडा: पासपोर्ट, दहावी, बारावी, नर्सिंगच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, डिप्लोमा किंवा पदवी, कौन्सिलचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, अनुभवाचे दाखले. प्रत्येकावरचं नाव इंग्रजीत, अक्षरन् अक्षर, जसं छापलंय तसंच उतरवा. जन्मतारीखही लिहा. 'बाबासो' आणि 'बाबासाहेब', 'अण्णासो' आणि 'अण्णासाहेब', आडनावात एक 'ए' की दोन, हे सगळं या कागदावर डोळ्यांसमोर येतं. आणलेल्या कागदांवरून नुसती नजर फिरवली तर ते दिसत नाही, कारण आपल्याला आपलं नाव ओळखीचं असतं आणि मेंदू चूक भरून काढतो.

आता दुरुस्ती. पासपोर्ट हा पाया धरा, कारण परीक्षांचं बुकिंग, व्हिसा आणि एनएमसीचा अर्ज सगळं पासपोर्टच्या नावावर होतं. छपाईची चूक असेल तर ती जिथे झाली तिथेच दुरुस्त करून घ्या: गुणपत्रिकेची विद्यापीठात किंवा परीक्षा मंडळात, नोंदणीची कौन्सिलकडे. बीएस्सीवाल्यांचं बहुधा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ असतं, अभिमत विद्यापीठातून शिकलेल्यांचं ते विद्यापीठ, आणि जीएनएमवाल्यांचं परीक्षा मंडळ मुंबईत. नाव खरोखर बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. स्टँपवरचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडायला ठीक आहे, पण एकट्या त्याच्या जोरावर विसंबून राहू नका.

लग्न झालेल्या सिस्टरांसाठी हे नीट सांगायला हवं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. तुमचं शिक्षण आणि नोंदणी माहेरच्या नावावर असेल आणि पासपोर्टही त्याच नावाचा असेल, तर सगळं तसंच राहू द्या. घरचे आग्रह करतील, तरी प्रक्रिया सुरू असताना पासपोर्टवरचं नाव बदलू नका. एनएमसीचा अर्ज एका नावावर, ओईटी दुसऱ्या नावावर आणि सीबीटी ही संगणकावरची परीक्षा तिसऱ्या, असं झालं की निकाल अर्जाशी जुळत नाहीत आणि फाइल अडकते. पासपोर्ट आधीच सासरच्या नावाने झाला असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र प्रत्येक टप्प्याला लागेल. ग्रामपंचायतीतून मिळालेला दाखला हाताने आणि फक्त मराठीत भरलेला असेल तर त्याचं अधिकृत इंग्रजी भाषांतर करून घ्या. आणि कौन्सिलच्या नोंदीतही नवं नाव आधी चढवून घ्या. व्हेरिफिकेशनची विनंती त्यानंतरच.

कौन्सिलचं काम

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. ते थकलेलं असेल तर पुढचं काहीच हलत नाही, म्हणून पहिल्यांदा प्रमाणपत्रावरची 'वैध पर्यंत' ही तारीख बघा. नूतनीकरणाला लागणारी सीएनईची (सततच्या नर्सिंग शिक्षणाची) प्रमाणपत्रं गोळा करायला वेळ लागतो. मुदत संपायला सहा महिने राहिले असतील तर आत्ताच सुरुवात करा. राष्ट्रीय नोंदीतला एनयूआयडी क्रमांक घेतला नसेल तर तोही घ्या.

गुड स्टँडिंग किंवा व्हेरिफिकेशन म्हणजे 'ही व्यक्ती आमच्याकडे नोंदलेली आहे, तिच्यावर कारवाई नाही' असं कौन्सिलने परदेशी संस्थेला थेट कळवणं. थेट हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या हातात आलेलं, तुम्ही स्कॅन करून पाठवलेलं पत्र इथे चालत नाही. एनएमसीकडून विचारणा कौन्सिलच्या अधिकृत ईमेलवर जाते आणि उत्तर तिथूनच परत जातं. अडचण होते ती अशी की ईमेल तिकडे येऊन पडतो, पण तुम्ही इकडे कौन्सिलकडे शुल्क भरून अर्ज केलेलाच नसतो. मग त्या ईमेलला कोणी वाली नसतो. दोन्ही बाजू एकाच आठवड्यात करा, पोचपावती जपून ठेवा, आणि अर्जात नोंदणी क्रमांक, पूर्ण नाव व एनएमसीचा संदर्भ क्रमांक स्पष्ट लिहा. प्रत्यक्ष जावंच लागलं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोचता येतं. मूळ प्रमाणपत्रं आणि दोन-दोन झेरॉक्स संच सोबत ठेवा, म्हणजे एका कागदासाठी दुसरी खेप पडणार नाही.

इंग्रजी

एनएमसी दोन परीक्षा मानते: आयईएलटीएस अॅकॅडमिक आणि ओईटी. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ लागतात. जनरल ट्रेनिंगचा पेपर चालत नाही, फॉर्म भरताना नीट बघा. ओईटीत वाचन, श्रवण, संभाषणात बी, म्हणजे किमान ३५०, आणि लेखनात सी प्लस, म्हणजे किमान ३००.

वॉर्डात काम करणाऱ्यांना आम्ही ओईटीच सुचवतो. आयईएलटीएसच्या लेखनात पर्यावरण किंवा शहरीकरणावर २५० शब्दांचा निबंध येऊ शकतो. ओईटीत केस नोट्स देतात आणि ४५ मिनिटांत रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायचं असतं, १८० ते २०० शब्दांचं. त्यातली पहिली ५ मिनिटं फक्त वाचायची. लोक इथे मार खातात तो इंग्रजी कच्चं असल्यामुळे कमी, आणि नोट्समधलं सगळं उतरवल्यामुळे जास्त. पत्र कोणाला जातंय ते बघा. जिल्हा नर्सला जखमेची ड्रेसिंग चालू ठेवायला सांगताय, तर रुग्णाचं लहानपणीचं टॉन्सिलचं ऑपरेशन त्यात नको. पहिल्याच परिच्छेदात पत्राचं कारण यायला हवं. संभाषणात दोन रोल प्ले असतात. तिथे उच्चारांइतकंच बघतात ते तुम्ही रुग्णाचं ऐकून घेता का, त्याला काय माहीत आहे ते आधी विचारता का.

एका बैठकीत सगळे गुण मिळाले नाहीत तर दोन बैठका जोडता येतात. फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम असा: दोन्ही बैठका एकाच परीक्षेच्या, १२ महिन्यांच्या आत. दोन्ही मिळून चारही भागांत लागणारे गुण आलेले असावेत, आणि कुठल्याही बैठकीत ओईटीत वाचन-श्रवण-संभाषण सी प्लसखाली आणि लेखन सीखाली गेलेलं नसावं. म्हणजे पहिल्यांदा श्रवण ३६०, संभाषण ३७०, लेखन ३१० आणि वाचन ३३० आले, दुसऱ्यांदा वाचन ३६० आलं पण श्रवण ३४० वर घसरलं, तरी चालेल. श्रवण २९० वर गेलं असतं तर ती बैठक जोडता आली नसती. म्हणून दुसऱ्या वेळी फक्त राहिलेल्या भागाचा अभ्यास करून बसू नका.

सीबीटी

संगणकावरची ही परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर होते. दोन भाग: भाग ए गणिताचा, १५ प्रश्न, ३० मिनिटं. भाग बी नर्सिंगचा, १०० बहुपर्यायी प्रश्न, अडीच तास. एक भाग गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो.

गणित सोपं आहे, पण घाई नडते. चार प्रकार हात बसेपर्यंत सोडवा. एक, गोळ्या: डिगॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅम द्यायचं, गोळी ६२.५ ची, म्हणजे दोन. दोन, द्रव औषध: १२५ मिलिग्रॅम हवं, बाटलीत ५ मिलीत २५० मिलिग्रॅम, म्हणजे २.५ मिली. तीन, पंपाचा वेग: १ लिटर ८ तासांत, ताशी १२५ मिली. चार, थेंब: तेच १ लिटर ८ तासांत, सेट मिलीला २० थेंबांचा, तर १००० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, ४१.६७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मिलिग्रॅमचं मायक्रोग्रॅम करताना हजाराने गुणायचं हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती प्रश्नात औषध एका एककात आणि उत्तर दुसऱ्यात मागितलं की. उत्तर टाकण्याआधी एकक पुन्हा वाचा.

भाग बीमध्ये आजार आणि औषधं आपल्याला येतात. घसरतं ते कायद्यावर आणि सवयीवर. आपल्याकडे वॉर्डात रिपोर्ट आला की आधी मुलाला किंवा नवऱ्याला बाहेर बोलावून सांगतात. तिथे रुग्णाच्या परवानगीशिवाय नातेवाइकाला काही सांगायचं नाही, आणि शुद्धीवर असलेल्या, समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाने उपचार नाकारले तर तो निर्णय मानायचा. २००५ चा मेंटल कपॅसिटी (निर्णयक्षमतेचा) कायदा, सेफगार्डिंग (दुबळ्या रुग्णाचं छळापासून संरक्षण), चूक झाली तर रुग्णाला स्वतःहून सांगण्याचं कर्तव्य, आणि एनएमसीचा 'कोड', म्हणजे आचारसंहिता, हे चार विषय पाठ नको, समजून घ्या. प्रश्न अडला की 'रुग्णाला आधी विचारलं का' हे तपासा. बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं.

परीक्षा दुसऱ्याकडून देऊन घेण्याच्या भानगडीत पडू नका. नायजेरियातल्या इबादान शहरातल्या एका केंद्रावर उमेदवार अशक्य वाटावं इतक्या कमी वेळात पेपर संपवत होते. ते आकडेवारीतून उघड झालं, २०२३ मध्ये एनएमसीने चौकशी लावली, आणि त्यात आधीच नोंदणी मिळून काम करणारेही सापडले. प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ तिथे नोंदला जातो.

अर्ज आणि खर्च

एनएमसीच्या ऑनलाइन खात्यात पात्रता, नोंदणी, आरोग्य आणि चारित्र्य यांची माहिती भरायची असते. पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावरून अर्ज करा, शुल्क ५०० रुपये. त्यासाठी कोल्हापूरच्या टपाल खात्यातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ मिळते. पासपोर्टवरचा पत्ता गावचा आणि राहणं शहरात असेल तर पोलीस पडताळणी लांबते. म्हणून राहण्याचा पुरावा आधी जमवा. गेल्या काही वर्षांत आखातात काम केलं असेल तर त्या देशाचं क्लिअरन्सही लागतं, आणि भारतात परत आल्यावर ते मिळवणं किचकट असतं. तिकडे असतानाच काढून आणलेलं बरं, आणि परत निघण्याच्या अगदी तोंडावर काढा, म्हणजे सहा महिन्यांची मुदत जास्तीत जास्त वापरता येईल.

२०२४ च्या दरांनुसार पात्रता तपासणी १४० पौंड, सीबीटी ८३, ऑस्की (ब्रिटनमधली प्रात्यक्षिक परीक्षा) ७९४ आणि नोंदणी १५३. बेरीज ११७० पौंड, रुपयांत सव्वा लाखाच्या आसपास. पैसे भरायच्या दिवशी एनएमसीच्या संकेतस्थळावरचा दर बघून घ्या. भाषेची परीक्षा, टीबीची तपासणी आणि प्रवास वेगळा. यातला ऑस्कीचा मोठा खर्च बऱ्याच एनएचएस ट्रस्ट, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संस्था, स्वतः उचलतात, सीबीटीचे पैसेही काही ठिकाणी परत मिळतात. मुलाखतीतच विचारा, आणि लेखी घ्या.

नोकरी आणि एजंट

ऑस्की ब्रिटनमध्येच द्यावी लागते, त्यामुळे आधी नोकरी, मग हेल्थ अँड केअर व्हिसा, मग ऑस्की असा क्रम आहे. २०२४ पासून एनएचएसची परदेशातली भरती बरीच आटली आहे. सीबीटी आणि भाषा हातात असलेल्यांनाच मुलाखती मिळतात, आणि एखाद्या विशेष विभागाचा सलग अनुभव, म्हणजे आयसीयू, थिएटर, डायलिसिस, इथे वजन टाकतो.

ब्रिटनमध्ये नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे, भरतीचा खर्च मालकाने द्यायचा असतो. त्यामुळे 'ब्रिटनच्या नर्सच्या नोकरीचे आठ लाख' मागणारा कोणीही असो, त्याला दारातूनच परत पाठवा. 'आधी केअरर म्हणून जा, तिथे गेल्यावर नर्स व्हा' हे सांगणारेही अजून फिरताहेत. केअर वर्करच्या जागांवर परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. एजंटकडे मूळ प्रमाणपत्रं कधीही ठेवू नका. आणि करारात 'दोन वर्षांआधी सोडल्यास पैसे परत' असं कलम असेल तर नेमके किती, कशाचे, आणि काळ जाईल तसे कमी होत जातात का, हे सही करण्याआधी वाचा.

नोकरी सुरू झाल्यापासून ३ महिन्यांत पहिली ऑस्की आणि ८ महिन्यांत नोंदणी, अशी व्हिसाची अट आहे. तोवर पगार खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या श्रेणीचा असतो.

ऑस्की

दहा स्टेशन असतात. चार एकाच रुग्णावर, क्रमाने: तपासणी, नियोजन, प्रत्यक्ष कृती, मूल्यमापन. चार कौशल्याची, आणि दोन लेखी, ज्यात बोलायचं काही नसतं. तीन वेळा देता येते, दोन प्रयत्नांत किमान १० दिवस. गेलेलीच स्टेशन पुन्हा द्यायची असतात. सात किंवा कमी असतील तर निम्मं शुल्क, ३९७ पौंड. तिसऱ्यांदाही गेली तर नवा अर्ज करायला सहा महिने थांबावं लागतं.

तपासणीत रुग्णाची तब्येत किती बिघडली आहे ते गुणांत दाखवणारा न्यूज-२ तक्ता भरावा लागतो आणि तो आपल्याकडे बऱ्याच वॉर्डात नसतो. तो इथेच घोटून जा. एक रुग्ण घ्या: श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन न लावता एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) ९४ टक्के, रक्तदाब १०४/६६, नाडी ११२, जागा आणि नीट बोलतोय, ताप ३८.४ सेल्सिअस. श्वासाचे २, एसपीओटूचा १, ऑक्सिजन नाही म्हणून ०, सिस्टोलिकचा १, नाडीचे २, शुद्धीचे ०, तापाचा १. एकूण ७. आपल्याकडच्या नजरेला हा रुग्ण 'जरा बरा नाही' इतकाच वाटेल, कारण कुठलाच आकडा भयंकर नाही. तिथे ७ म्हणजे तातडीची हाक: अतिदक्षता जाणणारी टीम लगेच, निरीक्षण सतत. ५ किंवा ६ असते तर डॉक्टरला तातडीने कळवणं आणि किमान तासाला निरीक्षण. एकाच रकान्यात ३ आले तरी वर कळवायचं. ताप फॅरनहाइटमध्ये मोजायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा. तक्त्यात ३६.१ ते ३८.० ला शून्य आहे, आणि श्वास पूर्ण ६० सेकंद मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं परीक्षक तिथेच टिपतो.

बाकी गुण जातात ते लहान सवयींत. सुई वापरल्यावर टोपण परत लावणं. औषध देण्याआधी मनगटावरच्या पट्टीशी नाव, जन्मतारीख आणि क्रमांक न जुळवणं. अॅलर्जी आहे का हे तक्त्यावर दिसतंय म्हणून तोंडाने न विचारणं: दोन्ही करायचं असतं. चुकलेल्या शब्दावर गिरवणं, तिथे एकच रेघ मारून सही करायची. रुग्णाला 'काका', 'मावशी'च्या चालीवर अंकल-आंटी म्हणणं, त्याऐवजी 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू' असं विचारायचं. आणि हात धुणं. रुग्णाला हात लावण्याआधी, नंतर, त्याच्या वस्तूंना हात लागल्यावर. सीपीआरला ३०:२, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर.

सरावाला दोघी-तिघींचा गट हवाच. एक रुग्ण, एक नर्स, एक हातात गुणांचा तक्ता घेऊन. मोठ्याने बोलत करा, कारण मनात केलेल्या तपासणीला गुण मिळत नाहीत.

दुसरीकडे जायचं असेल तर

जर्मनीला भाषा हाच डोंगर आहे. नोंदणीसाठी साधारणपणे बी-२ पातळी लागते. शून्यापासून तिथवर ६०० ते ८०० तासिका होतात. आठवड्याला २० तासिका केल्या तरी ३० ते ४० आठवडे, आणि रात्रपाळी सांभाळून त्याहून जास्त. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात जर्मन शिकवतात, गटेची परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. कागद ज्या राज्यात जाणार तिथलं कार्यालय तपासतं आणि आपल्या अभ्यासक्रमात काय कमी आहे ते लेखी कळवतं. मग एक तर जुळवणीचा अभ्यासक्रम किंवा ज्ञानपरीक्षा. म्हणून वर्षवार विषय आणि तास दाखवणारं ट्रान्स्क्रिप्ट आधीच काढा. जीएनएमचं कॉलेज बंद पडलं असेल तर परीक्षा मंडळाकडे लगेच अर्ज करा. भारतीय अपॉस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) जर्मनी मानत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

आखातासाठी डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची पडताळणी असते आणि तिथे अनुभवाचे दाखले अडतात. शहरातल्या लहान नर्सिंग होमचा दाखला असेल तर लेटरहेडवर चालू फोन, अधिकृत ईमेल आणि सही करणाऱ्याचं नाव-पद आहे का बघा. पडताळणीचा ईमेल आला की उत्तर द्यायला त्यांना आधीच सांगून ठेवा. कौन्सिलच्या नोंदणीआधीचा अनुभव मोजला जात नाही. इमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या १८ देशांना जाताना नर्सना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून क्लिअरन्स घ्यावंच लागतं, पासपोर्टवर ईसीएनआर ('क्लिअरन्सची गरज नाही') असला तरी. नोंदणीकृत एजंटला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो.

अमेरिकेसाठी एनक्लेक्स-आरएन ही तिथली नर्सिंग परवान्याची परीक्षा पास होणं शक्य आहे, पण भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग कित्येक वर्षांची आहे. घाई असेल तर हा रस्ता नाही.

पिन (एनएमसीचा नोंदणी क्रमांक) मिळाल्यावर

ब्रिटनची नोंदणी दर तीन वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागते: ४५० तासांचं काम, ३५ तासांचं शिक्षण, ज्यातले २० तास इतरांसोबतचे, शिवाय पाच अभिप्राय आणि पाच चिंतनाच्या नोंदी. पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

आणि मुंबईच्या कौन्सिलचं नूतनीकरण सोडू नका. काही वर्षांनी ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं, तर तिथे १,८०० तास काम केलेल्यांना २०२५ पासून सोपी वाट आहे. पण तेव्हाही मूळ रजिस्टरकडून गुड स्टँडिंग मागितलं जाऊ शकतं, आणि लंडनमध्ये बसून थकलेली नोंदणी चालू करून घेणं मुंबईत बसून करण्यापेक्षा फार जास्त वेळ खातं. नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाका, आणि कौन्सिलला दिलेला मोबाइल नंबर व ईमेल तिकडे गेल्यावरही चालू राहील असाच द्या, कारण ओटीपी त्यावरच येतो.